कंपनीच्या आकड्यातून वजा

क्रांती चौकात सिग्नलला थांबलं की एक भलंमोठं होर्डिंग दिसतं. त्यावर आजपर्यंत कितीतरी गाड्या येऊन गेल्या, पण चित्र एकच. मोकळा काळाभोर रस्ता, बाजूला हिरवागार डोंगर, गाडीत दोघंच आणि दोघंही हसणारी. खाली आकडा: एका चार्जमध्ये इतके इतके किलोमीटर. आकड्याच्या डोक्यावर एक चांदणी असते आणि त्या चांदणीचा अर्थ अगदी तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेला असतो. रिक्षातून मला तो कधी वाचता आलेला नाही. होर्डिंग दिसलं की माझं डोकं फिरतं. रिक्षावाल्याला वाटतं, बाई सिग्नलवर चिडली.

मी विजेच्या गाड्यांची दुश्मन नाही, हे आधीच सांगून टाकते. आवाज नाही, धूर नाही, पंपावरची रांग नाही, सगळं कबूल. माझं भांडण त्या आकड्याशी आहे. आणि खरं विचाराल तर त्याच्यावर डोळे झाकून बसलेल्या आमच्या घराशी आहे, कारण आमचं घर तसं नव्हतंच.

अण्णा, म्हणजे माझे वडील, सरकारी नोकरीत जन्म घालवलेला माणूस. जगातली प्रत्येक गोष्ट थोडी वजा करून घ्यायची, ही त्यांची सवय. आमच्याकडं कुणी नवी मोटरसायकल घेतली की लोक पहिलं विचारतात, "किती देती?" आणि उत्तर कायम दोन तुकड्यांत येतं. कंपनी सांगती एवढं, देती एवढं. सगळे असंच बोलतात आणि त्यात कुणाला फसल्यासारखं वाटत नाही. अण्णांनी हाच हिशेब साऱ्या दुनियेला लावला होता. बियाण्याच्या पिशवीवर मुठीएवढी कापसाची बोंडं दिसली की म्हणायचे, "चित्र पेरून बघा, उगवतंय का." मला स्थळ आलं तेव्हा मुलाकडच्यांनी सांगितलेली शेती त्यांनी बसल्या जागी निम्मी केली, आणि निघाली तेवढीच. नळाला उद्या पाणी येणार असं कळलं की, "म्हंजी परवा," म्हणून हंडे भरून ठेवायला लावायचे. आम्ही हसायचो, पण आमच्या घरात कधी पाणी संपलं नाही.

एकाच माणसाच्या बोलण्यातून ते काही वजा करत नसत. माझ्या धाकट्या भावाच्या. उशिरा झालेला मुलगा, शिकून इंजिनियर झाला, वाळूजला कंपनीत लागला. तो म्हणाला म्हणजे झालं. मी शाळेत शिकवण्यात केस पांढरे केले, निवृत्त झाल्यावर अण्णांचं सगळं करायला त्यांच्याजवळ येऊन राहिले, तरी माझ्या शब्दाला भाव नव्हता. "त्याला इच्यार," हे अण्णांचं ठरलेलं वाक्य.

तर भावानं गाडी घेतली. विजेची, पांढरीशुभ्र. शोरूममधून आणलेलं चकचकीत पुस्तक त्यानं अण्णांना वाचून दाखवलं. आठवड्यातून एकदा चार्ज करा आणि विसरून जा. वाटेत लागलंच तर चहा संपायच्या आत गाडी तयार. अण्णांनी पुस्तकावरून हात फिरवला आणि विचारलं, "हे खरं हाय का रं?" भाऊ म्हणाला, "अण्णा, ही काय मोटरसायकल आहे का? इथं सगळं कॉम्प्युटर मोजतो. स्क्रीनवर आकडा येतो, किती जाईल त्याचा." अण्णा म्हणाले, "मग बरंय." झालं. जन्मभराची वजाबाकी तिथंच संपली. भावानं शनिवार हा चार्जिंगचा वार ठरवला. शनिवारी उपास आणि शनिवारी गाडी. मधल्या वारी तो गाडीला वायर लावायचा नाही. कंपनीनं आठवड्यातून एकदा सांगितलंय ना, मग लावायची कशाला? कप्पाळ माझं!

आता आत्याचं सांगते. अण्णांची ही एकुलती एक बहीण, निजामावरचं पोलीस ॲक्शन होऊन गेल्यावर जन्मलेली. ती पाळण्यात असतानाच त्यांची आई गेली. अण्णा तिला कडेवर घेऊन शाळेत न्यायचे आणि दाराजवळ बसायचे, रडली की उठून बाहेर नेता यावं म्हणून. ती त्यांच्या पाटीवरची अक्षरं चाटून पुसायची. मास्तर अण्णांना मारायचे, तिला नाही. पुढं तिला पिशोरच्या पुढं एका खेड्यात दिली. दर भाऊबीजेला अण्णा तिकडं जायचे आणि ती ओवाळताना दरवेळी तेच म्हणायची, "दादा, माझं शेवटलं लुगडं तुझ्या हातानं आण बरं. कुणाजवळ धाडलंस तर मी तिरडीवरून उठून बसंन." सगळे हसायचे. अण्णाही हसायचे, पण मान हलवून हो म्हणायचे.

आमच्याकडं बाई गेली की माहेरचं लुगडं नेसवल्याशिवाय तिला उचलत नाहीत. सगळा जन्म नवऱ्याच्या घरात गेला तरी शेवटचं वस्त्र माहेरचं. सवाष्ण असेल तर हिरवं. ते भावानं आणायचं. जिला माहेरचं कुणी उरलंच नाही तिच्यासाठी गावातला एखादा भाऊ म्हणून उभा राहतो आणि त्याच्या घरातलं लुगडं माहेरचं मानतात. पण ती सोय निराधार बाईची. आत्याचा भाऊ जिवंत होता, हिंडताफिरता होता.

वैशाखातल्या एका शुक्रवारी जेवणं उरकत होती तेव्हा आतेभावाचा फोन आला. "मामा, आई गेली. सकाळी चहा पिऊन आडवी झाली ती उठलीच नाय. उन्हाळा हाय, ठेवता यायचं नाय. दिस मावळायच्या आत उचलावं लागंल. तुमी या, तवर थांबतो." अण्णा रडले नाहीत. ताटावरून उठले, हात धुतले, धुतलेला सदरा घातला आणि म्हणाले, "लुगडं घ्यायचंय."

गुलमंडीवर दुकानदारानं विचारलं, "काय कार्यक्रम आहे?" अण्णा म्हणाले, "बहिणीला न्यायचंय." तो बिचारा खुशीत एकावर एक साड्या उलगडायला लागला, "हा रंग ताईंना खुलून दिसेल" वगैरे. मला तिथंच भडभडून आलं. आत्या सवाष्ण गेलेली, म्हणून अण्णांनी हिरवं, लाल काठाचं लुगडं निवडलं, भाव केला नाही आणि पिशवी छातीशी धरून बाहेर आले.

मी म्हणाले, "स्टँडवरून एक जीप करू या. लगेच निघेल." भाऊ माझ्यावर उखडला. "ताई, दारात गाडी असताना अण्णांना भाड्याच्या डब्यात बसवू? हे बघ, जायचंय त्याच्या दुप्पट आकडा दाखवतोय." दुप्पट होता खरा. पण शुक्रवार होता, म्हणजे आठवडाभराचं चार्जिंग तळाला आलेलं, आणि त्या तळावरच तो दुप्पट आकडा उभा होता. मी अण्णांकडं पाहिलं. ते म्हणाले, "पोरगा म्हणतोय न्हवं, पोचवतो म्हणून." आणि पुढच्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन बसले. मागं मी, भावजय आणि दुःखाच्या घरी न्यायचा भाकरी-पिठल्याचा डबा.

हर्सूल सुटलं आणि भावानं गाडी पळवायला सुरुवात केली. बाहेर ऊन नुसतं भाजत होतं, म्हणून एसी फुल. मी मागून वाकून त्या स्क्रीनकडं बघत होते. चौक्याचा घाट चढताना आकडा डोळ्यांदेखत भराभर घसरला. भाऊ म्हणाला, "उतारावर परत भरतो." उतारावर थोडासा भरला, माझी समजूत काढण्यापुरता. फुलंब्री मागं पडली तेव्हा रस्ता थोडा संपला होता आणि आकडा फार संपला होता.

कंपन्या तो आकडा कसा काढतात, हे भावानंच मला नंतर सांगितलं. गाडी बंद खोलीत जागच्या जागी रोलरवर फिरवतात, ठरलेल्या वेगानं. तिथं ऊन नसतं, एसी नसतो, घाट नसतो, मागच्या सीटवर माझ्यासारखी जाडी बहीण नसते. आणि कुणालाही कुठं वेळेत पोचायचं नसतं. आम्हाला होतं. गाडी पळवावी तर आकडा पळतो, हळू चालवावी तर सूर्य पळतो. भावाच्या कानामागून घाम वाहत होता, एसी चालू असून.

गावाला जायचा जवळचा रस्ता अलीकडूनच आत वळतो. तो त्यानं सोडला, का तर सिल्लोडला एका हॉटेलात जलद चार्जर आहे असं मोबाईल दाखवत होता. "चहा पिऊ तवर होईल, अण्णा," तो म्हणाला. अण्णा म्हणाले, "हं." 

सिल्लोडला जलद चार्जर होता. त्याच्यावर पोतं बांधलेलं होतं. हॉटेलवाला म्हणाला, "वो तो बंद है साहब, मोबाईल में अभीबी दिखता. ये बाजूवाला चालू है, आरामसे होता." आरामसे! भावानं वायर लावली आणि आम्ही खरंच चहा घेतला, त्या पुस्तकात लिहिल्याप्रमाणं. चहा संपला. आकडा जागचा हलला म्हणावं तर हलला, नाही म्हणावं तर नाही. अण्णा लिंबाच्या सावलीत खुर्चीवर बसले होते. पिशवी त्यांनी खाली ठेवली नाही. टेबल पुढं होतं, तरी मांडीवरच. चहाचा कप एका हातानं धरून प्यायले.

आतेभावाचा फोन आला. "कुठवर आलात?" भाऊ म्हणाला, "सिल्लोडला आहे, आलोच." थोड्या वेळानं पुन्हा फोन, पुन्हा "आलोच." मी उठून रस्त्यावर गेले. पिशोरकडं जाणारी एक काळीपिवळी जीप उभी होती, दोन जागा रिकाम्या होत्या. ड्रायव्हरला थांबवून मी पळत आले, "अण्णा, उठा. मी आणि तुम्ही जीपनं जाऊ. हे दोघं येतील मागून." अण्णा उठलेही. उभे राहून त्यांनी भावाकडं पाहिलं. तो म्हणाला, "अण्णा, जीप गावोगाव थांबत जाईल. माझं होतंच आलंय. आपणच आधी पोचू, माझं ऐका." जीपवाल्यानं हॉर्न वाजवला. अण्णा पुन्हा खाली बसले. मी ओरडले, "अहो अण्णा, सूर्य बघा की!" ते म्हणाले, "तो सांगतोय न्हवं." जीप गेली. तिची धूळ खाली बसेपर्यंत मी तिथंच उभी होते आणि मला त्या दोघांचाही इतका राग आला होता की रडू फुटत होतं.

मग कधीतरी भावानं वायर काढली. स्क्रीनवर गावापुरता आकडा आला होता, वर थोडा जास्तच. सिल्लोडपासून पुढचा रस्ता म्हणजे खड्डे, चढ आणि ऊस-मक्याच्या ट्रॅक्टरांनी केलेली चाळण. भावानं एसी बंद केला, काचा खाली केल्या. गरम वारं तोंडावर यायला लागलं. पिशोर गेलं. सूर्य समोर डोळ्यांत होता. नंतर स्क्रीनवर एक कासव आलं. थट्टा नाही, खरंच कासवाचं चित्र असतं त्यात. गाडी चालत्या माणसाच्या वेगानं चढाला लागली आणि चढ संपायच्या आत उभी राहिली. आवाज न करता. पेट्रोलची गाडी मरताना निदान आचके तरी देते.

भाऊ स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. "कंपनीनं तर…" एवढंच म्हणाला. अण्णांनी दार उघडलं, उतरले आणि चालायला लागले. ऐंशीच्या पुढचा माणूस, छातीशी पिशवी धरून, वैशाखाच्या तापलेल्या डांबरावर. आम्ही मागं धावलो. नशीब म्हणून एक रिकामा ट्रॅक्टर आला. त्याच्या ट्रॉलीत अण्णांना बसवलं, आम्हीही चढलो. टेकडी उतरताना गावाअलीकडच्या ओढ्याकाठून धूर वर जाताना दिसला. अण्णांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं. "शेतातली धसकटं पेटवली का कुणी?" ते म्हणाले. ट्रॅक्टरवाल्यानं एकदा मागं वळून पाहिलं आणि ट्रॅक्टर ओढ्याकडं वळवला.

आतेभाऊ धावत आला आणि अण्णांच्या पाया पडला. "मामा, लई थांबलो वो. दर फोनला आलोच म्हणले. मग दिस टेकला, लोकं म्हणली आता नाय थांबता यायचं." अण्णा जाळाकडं बघत होते. त्यांनी विचारलं, "लुगडं?" आतेभावानं बाजूला उभ्या असलेल्या माणसाकडं हात केला. तो आत्याच्या शेजारचा चक्कीवाला. "ह्यांनी दिलं, मामा. भाऊ म्हणून हे उभे राहिले. ह्यांच्या मालकिणीनं दिवाळीला घेतलेलं, घडी न मोडलेलं हिरवं होतं." चक्कीवाल्यानं हात जोडले. "बाबा, राग धरू नका. अक्काला तसंच कसं जाऊ द्यायचं?"

अण्णा त्याच्यावर रागावले नाहीत. त्याच्या जोडलेल्या हातांना हात लावला. मग एकदम त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं आणि ते लहान मुलासारखे म्हणाले, "अरं पण मी जित्ता होतो की. मी सिल्लोडला बसलो होतो. चहा पित बसलो होतो की रं मी!" भाऊ तिथंच मातीत खाली बसला. त्याला उठवायला कुणी गेलं नाही. मीही नाही.

प्रेतासाठी आणलेलं लुगडं कुणाच्या घरात नेत नाहीत. परत नेता येत नाही, कुणाला देता येत नाही, नेसता तर नाहीच नाही. आतेभाऊ म्हणाला, "मामा, ते वढ्याकाठी ठिवा आन् घरी चला." अण्णांनी ऐकलं नाही. ते पिशवी घेऊन मारुतीच्या पारावर जाऊन बसले, आणि सावडण्याच्या दिवसापर्यंत तिथंच राहिले. मी त्यांच्याजवळ राहिले. लोक भाकरी आणून द्यायचे. ते दोन घास खायचे आणि पिशवीवरची धूळ झटकायचे.

गाडी दुसऱ्या दिवशी त्याच ट्रॅक्टरला दोर बांधून गावात ओढून आणली. आणि ती चार्ज कुठं झाली असेल? त्याच चक्कीवाल्याच्या दारात. आख्ख्या गल्लीत धड वीज त्याच्याच चक्कीला होती. दळण बंद ठेवून त्यानं आमच्या गाडीला वायर दिली. पैसे घेतले नाहीत. भावानं दिलेले त्यानं परत त्याच्या खिशात घातले.

तिसऱ्या दिवशी राख सावडली. अस्थी बांधायला कुणीतरी पांढरं फडकं पुढं केलं. आतेभावानं ते बाजूला सारलं आणि म्हणाला, "मामा, तुमच्या लुगड्यात बांधू." अण्णांनी पिशवीतून लुगडं काढलं. कोरं, कडक, काठावर दुकानाचं लेबल तसंच चिकटलेलं. त्यांनी ते नखानं खरवडून काढायला सुरुवात केली. निघता निघेना. सगळे थांबून राहिले. पूर्ण निघाल्यावरच त्यांनी लुगडं जमिनीवर पसरलं आणि एकेक अस्थी उचलून त्यात ठेवली. गाठ त्यांनीच मारली. "बाई, उशीर झाला," एवढंच म्हणाले.

आता भाऊ कुणी गाडीचं विचारलं की स्वतःच सांगतो, कंपनी सांगते त्यातलं निम्मंच धरा, लांब जायचं तर आदल्या दिवशी भरून ठेवा, वाटेतल्या चार्जरचा भरवसा धरू नका. रोज वायर लावतो. शहाणा झाला आहे. त्या शहाणपणाचा मला काही आनंद होत नाही.

त्या तिसऱ्या दिवशी आम्ही परत निघालो तेव्हा त्यानं गाडी पाराजवळ आणून उभी केली, आतून-बाहेरून पुसलेली. पुढचं दार उघडून धरलं. "अण्णा, बसा. पूर्ण भरलीय." अण्णांनी विचारलं, "किती जाती?" त्याच्या तोंडात पुस्तकातला आकडा आलाच होता. तो त्यानं गिळला. "घरापर्यंत आरामात जाईल, अण्णा. माझ्यावर विश्वास ठेवा."

अण्णांनी त्याच्याकडं नीट पाहिलं. रागानं नाही. बियाण्याच्या पिशवीवरच्या चित्राकडं बघायचे ना, तसं.

"म्हंजी सिल्लोडपर्यंत," ते म्हणाले, आणि फाट्याकडं चालू लागले.

आम्ही सिल्लोडवरून जाणाऱ्या एसटीत बसलो, अण्णा खिडकीशी, मी शेजारी. बस हलल्यावर मी मागं वळून पाहिलं. भाऊ मागून येत होता, शेजारची सीट रिकामी ठेवून, भावजयीला मागं बसवून. अण्णांनी एकदाही वळून पाहिलं नाही. सिल्लोड आलं, गेलं. चौक्याचा घाट आला, तोही उतरला. गाडी घरापर्यंत आमच्या मागंच होती, आणि त्या दिवशी ती कुठंही थांबली नाही.